इंदूर : टाकी रंगवणं, लाइट, सीट. शनिवार-रविवारी पैसे घेऊन करायचं तर सुरुवात कशाने?

एमपी09_हौशी

मंडळी, मुक्काम इंदूर, सुदामानगर. पीथमपूरला नोकरी, शनिवार दुपारनंतर आणि रविवार मोकळा. दुचाक्यांवर हौसेने हात चालतो: टाकी-साइडपॅनल रंगवणं, जादा लाइट बसवणं, थोडं विनाइल (चिकटवायची रंगीत फिल्म), सीटचा फोम कापून आकार बदलणं. आता ओळखीपलीकडची माणसं "किती घ्याल?" विचारायला लागली आहेत.

जागा म्हणजे घराचा पोर्च, 10 बाय 14 फूट, एका बाजूला शेजाऱ्यांची सामाईक भिंत. सामान: 2 एचपीचा कॉम्प्रेसर (50 लिटर टाकी), 1.4 मिमी नोझलची स्प्रे गन, हीट गन, मल्टिमीटर, क्रिम्पिंगची पक्कड. खर्चायला 40,000 रुपये. आठवड्याला 10-12 तासांच्या वर निघणार नाहीत.

प्रश्न असे: या चारांतलं कोणतं काम पैसे घेऊन करण्याजोगं आहे? दर कसा काढायचा? आरटीओचं कुठपर्यंत चालतं? आणि घरच्या मीटरवर कॉम्प्रेसर चालवला तर काही लफडं होतं का?

---

दोन_हात_क्लिअर

रंगाचं सांगतो. पैसे दिसतात सगळ्यात जास्त त्यात, आणि बुडतातही त्यातच.

अख्खी गाडी घेऊ नका, सुटे भाग घ्या. टाकी, साइडपॅनल, मडगार्ड, हेडलाइटचा काऊल. गिऱ्हाईक काढून आणेल किंवा तुम्ही त्याच्या दारात जाऊन काढा. गाडी एकदा पोर्चमध्ये उभी राहिली की चोरी, ओरखडा, शेजारच्या पोराने पाडली, सगळं तुमच्या डोक्यावर. आणि 10 बाय 14 मध्ये एक बाइक उभी केली तर गन फिरवायला कोपर हलणार नाही.

टाकी घेताना पेट्रोल पूर्ण काढलेलं हवं. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, कारण आत वाफ असते. झाकण उघडं ठेवून दोन दिवस सावलीत, मोकळ्या हवेत ठेवा. जवळ ग्राइंडर, हीट गन, उदबत्ती काही नको. फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर खालचा पंप निघतो, त्याची रबरी रिंग पेट्रोलने फुगलेली असते आणि तीच परत खाचेत बसत नाही. नवी रिंग आधी आणून ठेवा, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. तिथून एक थेंब झिरपला तरी ती गाडी तुमच्या नावाने ओळखली जाईल.

आता कामाचा क्रम. रंगाला हात लावण्यापूर्वी कापसावर एनसी थिनर (जुन्या नायट्रोसेल्युलोज रंगाचा) घेऊन आतल्या कोपऱ्यात अर्धा मिनिट घासा. रंग कापसाला आला तर खाली एनसी आहे. त्यावर थेट 2के (हार्डनर मिसळायचा रंग) मारलं तर थिनर खालच्या थराला उचलतो आणि सुरकुत्या पडतात. अशी टाकी पत्र्यापर्यंत उतरवा, नाहीतर काम नाकारा. रंग नाही उतरला की पुढे चला.

घासण्याआधी पुसणं. हा क्रम उलटा करणारेच जास्त. आधी ग्रीस-रिमूव्हरने पुसा, एक कापड ओलं, दुसरं कोरडं, ओलं सुकायच्या आत कोरड्याने उचलायचं. सिलिकॉनचं पॉलिश असलेल्या पृष्ठभागावर आधी पेपर मारला तर ते चऱ्यांमध्ये घुसतं आणि मग कशानेच निघत नाही.

पोचा असेल तर लांबी (पुटी) भरून 80, 180, 320 असे पेपर. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर. एच-प्रायमरवर (आम्ल असलेला प्रायमर) पॉलिएस्टर लांबी भरू नका, आम्लामुळे पकड धरत नाही. मग सरफेसरचे (घासून सपाट करायचा प्रायमर) दोन हात, सुकल्यावर 600 चा वॉटर पेपर. काळा गाइड-कोट उडवून घासलं की कुठे खळगा राहिला ते दिसतं. बोटाच्या टोकाने कळत नाही, तळहात फिरवून बघा.

तुमची 1.4 ची गन सरफेसरला अडखळेल, त्याला 1.7-1.8 लागतं. टाकीसारख्या वळणदार भागाला मात्र 1.0 किंवा 1.2 ची छोटी टच-अप गन बरी. मोठी एचव्हीएलपी (कमी दाबाची, भरपूर हवेची) गन इतकी हवा खाते की 2 एचपीचा कॉम्प्रेसर दमतो, मध्येच दाब पडतो आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) दाणेदार, संत्र्याच्या सालीसारखा बसतो. दाब गनच्या तोंडाशी बघा, कॉम्प्रेसरच्या काट्यावर नव्हे. पाइप लांब असेल तर दोन्हींत बराच फरक निघतो.

एक टाकी आणि दोन साइडपॅनल धरले तर फवारायला तयार बेस (रंगाचा थर) साधारण 250 मिली, क्लिअर हार्डनरसह 300 मिली पुरतो. बेसचे पातळ दोन-तीन हात, प्रत्येकानंतर चमक जाऊन मंद होईपर्यंत थांबा. क्लिअरचे दोन हात. पहिला हलका, 10-15 मिनिटांनी बोटाला चिकटेल पण तार सुटणार नाही अशा वेळी दुसरा ओला. क्लिअर-हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच (2:1 किंवा 4:1), खुणा असलेल्या कपात मोजून. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालतात, आणि वर्षभरात क्लिअर ठिसूळ होऊन तडकतो. हार्डनरचा डबा उघडा राहिला तर हवेतल्या ओलाव्याने आतला माल गढूळ होतो. तसा दिसला की फेकून द्या.

आपल्याकडचं हवामान. मे महिन्यात 40 च्या वर पारा असताना दुपारी फवारलं तर रंग हवेतच सुकून भुकटी बसते किंवा वरचा पापुद्रा आधी धरतो आणि आतला थिनर फोड काढून बाहेर येतो. स्लो थिनर आणि स्लो हार्डनर घ्या, सकाळी 6 ते 8 मध्ये उरका. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं: थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर दमटपणा बसतो, चमक दुधाळ होते. तेव्हा 11 ते 4 ची वेळ. कॉम्प्रेसरच्या टाकीचं पाणी दर वेळी सोडायचं आणि गनच्या आधी वॉटर-सेपरेटर हवाच. पाऊस पडत असताना नाहीच.

एवढं सांगून एक बजावतो, पोर्चमध्ये 2के फवारू नका. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा लागू शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिचकलं की पुढे अगदी थोड्यानेही त्रास होतो. कापडी मास्क किंवा एन-95 याला उपयोगाचा नाही. कमीत कमी ऑर्गॅनिक व्हेपर आणि पार्टिक्युलेट (रसायनाची वाफ आणि कण दोन्ही अडवणारं) असं जोडकार्ट्रिज असलेला रबरी रेस्पिरेटर, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा, म्हणजे दाढी काढून. या रसायनाला सावध करणारा वास नाही, त्यामुळे कार्ट्रिज संपलं तरी नाकाला कळत नाही. तारीख लिहून ठेवून बदला. खरी सोय म्हणजे बाहेरून ताज्या हवेची नळी असलेला मुखवटा. हे सगळं तुम्ही घातलंत तरी भिंतीपलीकडच्या आजींना कोण घालणार? शिवाय फवाऱ्याचा धुरळा त्यांच्या कारच्या काचेवर बसला की संबंधही बसले.

म्हणून घासणं, लांबी, सरफेसर घासणं, शेवटचं 1500-2000-3000 पेपर आणि कंपाउंड एवढं घरी करा. फवारणीसाठी देवास नाक्याकडच्या एखाद्या बॉडीशॉपशी तासाचा किंवा नगाचा दर ठरवा. रविवारी बूथ रिकामं असतं, मालकालाही दोन पैसे सुटतात. टाकीचे 70 टक्के कष्ट तयारीतच असतात, ते तुमचेच राहतात.

---

रिले_87

रंगावर वरच्या पोस्टला माझं अनुमोदन. पण 10-12 तासांच्या माणसाने रंगाने सुरुवातच का करावी? एका टाकीत दोन रविवार जातात. जादा लाइट बसवणं अडीच तासांचं काम आहे आणि त्याच दिवशी पैसे हातात येतात. फक्त रस्त्यावरचे लोक जसं करतात तसं करायचं नाही. वायर सोलली, पीळ दिला, काळी टेप गुंडाळली, झालं. पहिल्या पावसात ते परत येतं.

आधी मोजणी, मग होकार. गाडी बंद असताना बॅटरीवर 12.6 च्या आसपास व्होल्ट हवेत. सुरू करून 4000 आरपीएमला 13.8 ते 14.5. मग हेडलाइट, ब्रेक, इंडिकेटर लावा आणि बसवायच्या लाइट नुसत्या क्लिपने बॅटरीवर जोडून बघा. आयडलला आकडा 13 च्या खाली जाऊन तिथेच राहत असेल तर त्या गाडीला तेवढा भार झेपत नाही. छोट्या कम्युटर गाड्यांत हे हमखास दिसतं. गिऱ्हाइकाला मीटरच दाखवा, वाद होत नाही.

20 वॅटच्या दोन लाइट म्हणजे 40 वॅट, साधारण सव्वातीन अँपिअर. फ्यूज 5 अँपिअर. वायर 1 चौरस मिमी तांब्याची पुरते. रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) 12 व्होल्टची, 30-40 अँपिअरवाली चालते. जोडणी अशी:

30 नंबर: बॅटरी प्लसवरून फ्यूजमार्गे. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, कारण फ्यूजच्या आधी वायर घासली तर तिला वाचवणारं काही नाही.
87: स्विचमार्गे नव्हे, थेट लाइटच्या प्लसला.
86: चावी सुरू असतानाच जिथे 12 व्होल्ट येतात त्या तारेवरून, मध्ये हँडलवरचा स्विच.
85: अर्थ. लाइटचा अर्थही बॅटरी मायनसला परत आणा. रंग लावलेल्या चॅसिसच्या बोल्टला दिलेला अर्थ आठ महिन्यांत गंजतो.

रिले उलटी, म्हणजे पाय खाली करून बसवा, पाणी साचत नाही. सांधे क्रिम्प करून वर गोंदवाली हीट-श्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी). निळे-लाल चिमटा-कनेक्टर वापरू नका, ते आतल्या तारा कापतात. बीएस-6 गाड्यांत, म्हणजे 1 एप्रिल 2020 नंतरच्या, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) किंवा सेन्सरच्या तारेला टॅप करायचं नाही. ट्रिगर घ्यायचा तर पार्किंग लाइट किंवा हॉर्नच्या चावीकडच्या तारेवरून, आणि तेही त्या गाडीचा वायरिंग डायग्राम बघून.

सगळ्यात जास्त तक्रारी येतात हँडलच्या मानेपाशी. वायर ताठ बांधलेली असते, हँडल पूर्ण वळलं की चिमटते, महिन्याभरात इन्शुलेशन फाटून फ्यूज उडायला लागतो. हँडल डावीकडे लॉकपर्यंत, उजवीकडे लॉकपर्यंत वळवा, दोन्हीकडे ढील उरली पाहिजे. तिथे प्लॅस्टिकची टाय कचकन आवळू नका.

एलईडी इंडिकेटर बसवले आणि ते धडधड लुकलुकायला लागले तर रेझिस्टर लावू नका, तो तापून शेजारचं प्लॅस्टिक वितळवतो. जुन्या फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) भार कमी दिसतो म्हणून तो बल्ब गेला असं समजतो. एलईडीला चालणारा फ्लॅशर टाका, काम मिटलं. ज्या गाडीत फ्लॅशर वेगळा नसून मीटरच्या किंवा बॉडी-कंट्रोलच्या आत आहे ती गाडी सुरुवातीला घेऊच नका.

रिले, फ्यूज-होल्डर, स्लीव्ह महाराणी रोडला मिळतात. पाच-पाच नग घेऊन ठेवा. दर वेळी एक नग आणायला गेलात तर तुमचा शनिवार ट्रॅफिकमध्येच संपेल. लाइटचा झोत खाली ठेवा: गाडी भिंतीपासून 5 मीटरवर उभी करून, माणूस बसलेला असताना, झोताची वरची कड लाइटच्या मधल्या उंचीपेक्षा खालीच दिसली पाहिजे. लाल-निळा लुकलुकणारा दिवा मागणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

---

टीप_आणि_टाका

सीटकडे कुणी बघतच नाही, म्हणून लिहिते. पोर्चमध्ये करण्याजोगं हेच एक काम आहे: रंगाचा वास नाही, कॉम्प्रेसरचा आवाज नाही, आरसीवर नोंद नाही, आणि बऱ्याच गाड्यांची सीट काढायला चावी पुरते. गिऱ्हाईक शनिवारी संध्याकाळी सीट देऊन जातो, रविवारी संध्याकाळी नेतो.

जुनं कव्हर फाडू नका. पिना पेचकसाने उचकटून सोडवा, शिवणी उसवा, तुकडे सपाट करून त्यावरून नवे कापा. हाच तुमचा फर्मा. मॉडेलचं नाव लिहून जाड पुठ्ठ्यावर उतरवून ठेवा, तीच गाडी दुसऱ्यांदा आली की निम्मं काम झालेलं असतं.

फोम कापायला हॅक्सॉचं सुटं पातं, नंतर ग्राइंडरवर 40 नंबरची डिस्क हलक्या हाताने. आधी स्केचपेनने रेघ मारा आणि गिऱ्हाइकाला गाडीवर बसवून, पाय टेकवून मग कापा. 15 मिमी काढलं तरी पाय टेकण्यात फरक पडतो. 30 च्या वर गेलात तर खालचं प्लॅस्टिक बुडाला टोचतं. भर घालायची असेल तर 40 डेन्सिटीचा पीयू फोम, वर 10 मिमी मऊ थर. चिकटवायचं सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासं झाल्यावरच जोडा, आणि शिवण येते त्या रेषेवर लावू नका, तिथे कडक गाठ होते आणि बसणाऱ्याला रोज आठवण करून देते.

फोमवर पातळ प्लॅस्टिकचा कागद, मग रेक्झिन. शिवणीतून पाणी शिरतंच, कागद नसेल तर फोम स्पंज होतो आणि ऊन पडलेल्या दिवशीसुद्धा पँट ओली. एका सीटला 54 इंची पन्ह्याचं सव्वा मीटर धरा. टाके इंचाला सहा-सात. दहा घातले की दिसतं सुबक, पण पोस्टाच्या तिकिटासारखं भोकाभोकांवर फाटतं. घरातलं शिलाई मशीन रेक्झिनचे तीन थर ओढत नाही. ते विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, शिवण एखाद्या सीटवाल्याकडून नगावर करून घ्या. ताण देणं आणि पिना मारणं तुमचं.

पिना 6 मिमीच्या, स्टेनलेसच्या. सीटचा प्लॅस्टिक तळ साधारण 3 मिमी असतो. 10 ची पिन आरपार जाऊन खालच्या वायरिंगला टोचते, आणि मग ते रिले_87 यांच्याकडे जातं. क्रम: आधी पुढचं टोक, मग मागचं, मग मधोमध दोन्ही बाजू, मग कोपरे. कोपऱ्याला घडी न घालता उन्हात दहा मिनिटं ठेवून ओढा. इंदूरचं ऊन फुकट आहे, हीट गनने रेक्झिन चमकतं आणि तो डाग जात नाही.

रंगपंचमीच्या गेरनंतर (रंगांची मिरवणूक) आठवडाभर डाग पडलेल्या सीटा येतील. रेक्झिनमध्ये मुरलेला रंग निघत नाही. थिनरने पुसाल तर वरचा लेप जाईल. कव्हरच बदला असं स्पष्ट सांगा.

---

हिशोबनीस_राजवाडा

शेवटच्या दोन प्रश्नांवर मी, आणि दरावरही.

आरटीओ. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: आरसीवर उत्पादकाने दिलेला जो तपशील आहे त्यापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. कलम 182ए(4) प्रमाणे नियमाबाहेरचा बदल केला तर दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि हे मालकाला. पण दंड भरलेला मालक पहिला फोन कुणाला करतो हे तुम्हाला माहीत आहे.

कामाच्या भाषेत: टाकी त्याच रंगात रंगवणं, पट्टे-स्टिकर, सीट, पॉलिश, पीपीएफ (रंग जपणारी पारदर्शक फिल्म) यांत आरसीचा प्रश्न येत नाही. गाडीचा मुख्य रंग बदलला तर आरसीवर नोंद हवी, कर्जाची गाडी असेल तर फायनान्सरची संमतीही. विनाइलने अख्खा रंग बदलणंही त्यातच आलं, "काढता येतं" हा बचाव रस्त्यावर चालत नाही. चॅसिस कापणं, इंजिन बदलणं, मोकळा सायलेन्सर, अनेक सुरांचा हॉर्न, फॅन्सी नंबर प्लेट हे घ्यायचंच नाही. हॉर्नचा नियम 119, सायलेन्सरचा 120. आवाज-प्रदूषणाला कलम 190(2) मध्ये पहिल्याच वेळी 10,000 पर्यंत दंडाची तरतूद आहे आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं.

मीटर. घरगुती जोडणीवर व्यवसाय चालवला तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. सीट शिवायला बल्ब लावला म्हणून कुणी येणार नाही, पण 2 एचपीचा कॉम्प्रेसर, भिंतीपलीकडे वैतागलेला शेजारी आणि एक तक्रार, एवढं पुरतं. कॉम्प्रेसर नियमित चालणार असेल तर वेगळी व्यावसायिक जोडणी मागा.

कागद. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आधार-पॅनवर ऑनलाइन, फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी. जीएसटी सेवेला वर्षाला 20 लाखांपर्यंत लागत नाही, तुम्ही तिथे पोचाल तेव्हा परत विचारा. गाळा घेतला की गुमाश्ता (दुकानाची नोंदणी). आयकरात पगारासोबत हे उत्पन्न दाखवायला अंदाजित नफ्याची योजना (1961 च्या कायद्यात कलम 44एडी) सोपी: यूपीआय-बँकेतून आलेल्या रकमेच्या 6 टक्के, रोखीच्या 8 टक्के नफा धरायचा, रिटर्न आयटीआर-4. खरा नफा त्याहून जास्त असेल तर जास्त दाखवा. आणि सगळ्यात आधी कंपनीचं नियुक्तिपत्र काढून वाचा, जोडधंद्याला परवानगी लागते असं कलम बऱ्याच ठिकाणी असतं. वाहन-उद्योगातच नोकरी असेल तर दोनदा वाचा.

आता दर. उदाहरणादाखल टाकी आणि दोन पॅनल. काढणं-बसवणं 1.5 तास, घासणं-लांबी 3, सरफेसर आणि परत घासणं 2.5, बूथवर जाणं-येणं-फवारणी 2, पॉलिश 1, फोन आणि "जरा अजून गडद नाही का होणार" 1. झाले 11 तास. तासाला 200 धरले तर 2,200. माल समजा 1,500. बूथ 600. पेपर, टेप, कापड, कार्ट्रिजचा वाटा 300. झाले 4,600. त्यावर 10 टक्के, कारण दहातलं एक काम परत करावं लागणारच. म्हणजे 5,060. हेच काम ओळखीत 3,000 ला केलंत तर 2,400 खर्च वजा जाऊन 600 उरतात, तासाला 55 रुपयेसुद्धा नाहीत. बाकी तुमची मर्जी.

माल आणि बूथ एवढी रक्कम आगाऊ घ्या. भाग हातात घेतानाच सहा फोटो, आधीचे पोचे-ओरखडे लिहून सही. "मूळ रंगाशी शंभर टक्के जुळेल" असं तोंडाने किंवा लेखी कुठेही म्हणू नका.

---

गुंडाळी_बहाद्दर

विनाइल राहिलं. टाकी पहिल्या दिवशी करू नका, दुहेरी वळणावर विनाइल ओढून बसवलं की ते आठवड्याने परत आकसतं आणि कडा उठतात. स्वस्त कॅलेंडर्ड विनाइल (80-100 मायक्रॉन) सपाट साइडपॅनलपुरतं. वळणाला कास्टच, साधारण 50 मायक्रॉनचं. बसवून झाल्यावर कडा आणि खोलगट जागा हीट गनने 90 अंशांच्या आसपास तापवायच्या, इन्फ्रारेड थर्मामीटरने बघून. अंदाजाने तापवलेलं परत येतं. पेट्रोलच्या झाकणाभोवती 5 मिमी मोकळं सोडा, सांडलेलं पेट्रोल कडेतून गोंदात शिरतं. ब्लेड थेट टाकीवर चालवू नका, नाइफलेस टेप (आतल्या दोऱ्याने विनाइल कापणारी) वापरा, नाहीतर विनाइल काढल्यावर खाली क्लिअरवर रेघ निघते आणि ती रेघ तुमची.

नव्या गाडीला पीपीएफ, टँकपॅड विचारणारे धनत्रयोदशीच्या आधी एकदम येतात, आणि पितृपक्षात कुणी फिरकत नाही. रोल त्या हिशोबाने भरा.

---

एमपी09_हौशी

सगळ्यांचे आभार. ठरवलं ते असं: सीट आणि लाइट आता, रंगाची फक्त तयारी घरी आणि फवारणी बूथवर. विनाइल पुढच्या वर्षी बघू.

एकच अडचण. सरावासाठी भंगारातून आणलेल्या मडगार्डवर क्लिअर मारला (बूथवर, घाबरू नका). मध्यभागी 3-4 मिमीचे गोल खळगे पडले, तळाशी बेस दिसतोय. कडांना एकही नाही. पुसलं होतं दोनदा. सेपरेटर कोरडा होता.

---

दोन_हात_क्लिअर

फिश आय. मध्यभागी आहेत आणि कडांना नाहीत, म्हणजे हवेच्या नळीतून तेल आलं असतं तर सगळीकडे सारखे आले असते. हे मडगार्डवरच होतं. जुन्या मडगार्डवर वर्षानुवर्षं टायर-पॉलिश आणि डॅशबोर्डचा स्प्रे उडतो, नेमका वरच्या मधल्या भागावर. क्लिअर त्या तेलकट ठिपक्यावर पसरत नाही, मागे सरतो.

दोनदा पुसलं ते पेपर मारण्याआधी की नंतर? नंतर पुसलं असेल तर उत्तर तिथेच आहे. आणि कापड कुठलं होतं तेही बघा. घरात कपड्यांबरोबर धुतलेलं जुनं बनियन वापरू नका, कंडिशनरमध्येही सिलिकॉन असतं.

आता त्यावरच आणखी क्लिअर ओतून खळगे भरायला जाऊ नका, भरत नाहीत. पूर्ण कडक होऊ द्या, दोन दिवस. मग ग्रीस-रिमूव्हर, दोन कापडं, दर पुसण्याला कापडाची नवी घडी. मग 600 ने खळगे सपाट होईपर्यंत घासा, खळग्यांखालचा बेस जाईलच. परत ग्रीस-रिमूव्हर. मग बेसचे दोन अगदी कोरडे, धुक्यासारखे हात, मध्ये दहा मिनिटं. बेसमध्येच खळगा उमटला तर तिथेच थांबा, ते मडगार्ड पत्र्यापर्यंत उतरवावं लागेल. नाही उमटला तर क्लिअरचा पहिला हातही तसाच धुक्याचा, आणि दुसरा नेहमीचा ओला.

बाजारात फिश आय घालवणारे थेंब मिळतात. ते स्वतःच सिलिकॉनचे असतात. एकदा गनमध्ये गेले की पुढची प्रत्येक टाकी त्या थेंबांशिवाय बिघडते, आणि बूथ तुमचं नाही.

---

एमपी09_हौशी

नंतर पुसलं होतं. कापड बनियनचंच.